बॅनरवरचे साहेब आणि निळ्या बसमधली ताई

एमपीएससीचा नाहीतर पोलीस भरतीचा निकाल लागला की आमच्या इकडे पुढचे आठ-पंधरा दिवस काय चालतं ते सांगायची गरज नाही, एसटी स्टँडपासून ग्रामपंचायतीपर्यंत बॅनर, डीजे, गुलाल, कुठंकुठं तर जेसीबीच्या बकेटमधून फुलं, आणि मग शाळेच्या पटांगणात शाल-श्रीफळ अन् तासभर भाषणं. त्याच्यामागून वाद पण ठरलेलाच. एक पार्टी म्हणते, पोट्ट्यायसमोर आदर्श पाहिजे बाप्पा, नाहीतर हे खर्रा घोटत पानठेल्यावरच बसतीन, सत्कार झालेच पाहिजे. दुसरी पार्टी म्हणते की या सत्कारांनीच वाटोळं केलं, एक जण लागतो अन् त्याच्या नादानं पन्नास जण पुण्यात नाहीतर अमरावतीच्या खोलीत तिशी घालवतात, बापावर वावर विकायची पाळी येते, तेव्हा हे आदर्श-बिदर्श बंद करा आणि पोरांना कामधंदा शिकवा. दोघंही तावातावानं बोलतात, दोघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं खरं आहे, तरी हा वाद ऐकला की माझं डोकं तापतं, कारण दोघंही एकाच माणसाकडे बघून भांडून राहिले, बॅनरवरच्या. एक त्याला डोक्यावर घेऊन राहिला, दुसरा त्याला खाली ओढून राहिला, आणि जो माणूस खरं काम करतो त्याचं नावच कोणी काढत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते म्हणजे पुढं गोंधळ नको. खेड्यातल्या पोरापोरींना पुढं नेणारी व्यक्ती बहुतेक वेळा त्यांच्यापेक्षा तीन-चार वर्ग पुढं शिकत असलेली गावातलीच ताई किंवा दादा असतो. तिचं कौतुक वाटतं म्हणून लहान पोरं तिच्या मागं लागतात, तिच्यासारखं बोलतात, तिच्यासारखं शिकतात, आणि ती स्वतः शेवटी साहेब होते की नाही याच्याशी या कामाचा जवळजवळ काहीच संबंध नसतो. गावाला जागा, पैसा आणि मान द्यायचाच असेल तर या माणसाला द्या, तोही नियम लावून आणि हिशोब मागून. सत्कार करायचा की नाही करायचा हा प्रश्न त्याच्यापुढं लय बारका आहे.

आता सत्कारवाल्यांचा मुद्दा हलका नाही हे मला मान्य आहे. ज्या घरात दहावीच्या पुढं कोणी गेलं नाही त्या घरातल्या पोरीला आपल्यातलंच कोणी खुर्चीवर बसलेलं दिसणं याची किंमत मोठी असते. याचा पुरावा पण आहे. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात १९९३ नंतर आरक्षणामुळे ग्रामपंचायतींच्या प्रधानपदावर, म्हणजे आपल्याकडच्या सरपंचपदावर, बायका आल्या, तिथं एस्थर डुफ्लो आणि त्यांच्यासोबतच्या अर्थतज्ज्ञांनी केलेला अभ्यास २०१२ साली छापून आला, त्यात दिसलं की ज्या गावांत लागोपाठ दोन टर्म बाई प्रधान होती तिथं पोरींबद्दल आईबापांच्या अपेक्षा वाढल्या आणि पोरापोरींच्या शिक्षणातलं अंतर मिटलं. त्या बाईनं कोणाची शिकवणी घेतली नव्हती, नुसती कारभार करताना दिसत होती. म्हणजे दिसण्यात ताकद आहे, कबूल. पण ते कुठलं दिसणं? गावातलीच बाई, रोज दिसणारी, आठ-दहा वर्ष. आपला सत्कारमूर्ती अर्धा दिवस दिसतो आणि गाडीत बसून जातो. मादागास्करमध्ये अजून एक प्रयोग झाला होता, शाळांमध्ये शिकून पुढं गेलेली माणसं बोलावली आणि त्यांना स्वतःची गोष्ट सांगायला लावली, तर जो गरीब घरातून आला होता त्याचं ऐकून गरीब पोरांचे मार्क वाढले, आणि जो मुळात खात्यापित्या घरचा होता त्याच्या गोष्टीनं काहीच झालं नाही. पोरं कोण मोठं आहे ते बघत नाहीत, कोण आपल्यासारखं आहे ते बघतात. आणि आपण सत्कार कधी करतो? तो आपल्यासारखा राहिला नाही तेव्हा. तो चार वर्षं याच गावात फाटक्या बॅगेत पुस्तकं घेऊन हिंडत होता, कंदील-टॉर्चमध्ये अभ्यास करत होता, तेव्हा त्याच्याकडे बघायला कोणाला फुरसत नव्हती.

विरोधवाल्यांचंही जे सगळ्यात जोरदार म्हणणं आहे ते मान्य करूनच बोलू. आकडे खरेच भयानक आहेत. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. म्हणजे शंभरातले नव्व्याण्णव घरी जाणार हे अर्ज भरतानाच ठरलेलं. अशा खेळात जिंकलेल्याला ट्रॅक्टरवर उभं करून मिरवायचं आणि बाकीच्यांबद्दल चकार शब्द काढायचा नाही, ही पोरांची फसवणूकच आहे. पण मला सांगा, पोरं या एकाच परीक्षेत का अडकतात? समोर आदर्श जास्त झाले म्हणून, की एकाच टाईपचे दिसतात म्हणून? आमच्या तालुक्यातून कोणी आयटीआय करून वायरमन झाला, कोणी नर्सिंगचा जीएनएम कोर्स करून सरकारी दवाखान्यात लागली, कोणी कृषी पदविका करून बियाण्याच्या कंपनीत गेला, कोणी डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला, त्यांचा बॅनर कधी लागला का? नाही लागला. मग सातवी-आठवीतल्या पोराला वाटतंच की जगात एक फौजदार, एक तलाठी आणि एक तहसीलदार, बाकी सगळं बेकार. आणि दुसरी गोष्ट, थांबायचं कधी हे कोण सांगणार? क्लासवाला सांगणार नाही, त्याचं दुकान बंद होईल. बाप सांगू शकत नाही, त्याला परीक्षेतलं कळत नाही आणि पोराचं मन मोडवत नाही. निवडून आलेला साहेब तर म्हणणारच की लागून राहा, यश मिळतंच, कारण त्याला मिळालं. हे सांगू शकतो तो ज्यानं स्वतः चार वर्ष घालवली, थांबला, आणि तरी धड उभा आहे. आदर्श बंद करा म्हणणारे नेमक्या या माणसालाही बंद करून टाकतात.

मी हे पुस्तकातून बोलून राहिली असं वाटू नये म्हणून माझ्या गावची गोष्ट सांगते. नाव घेत नाही, तिला आवडणार नाही. सालदाराची पोरगी, माझ्याहून चार वर्ग पुढं. आठवीपासून आम्ही तालुक्याला जायचो, सरकारच्या मानव विकास मिशनच्या निळ्या बसनं, पोरींना फुकट होती म्हणून तर आमच्या घरच्यांनी पाठवलं, नाहीतर सातवीतच संपलं असतं. त्या बसमध्ये मागच्या सीटवर मोठ्या पोरी बसायच्या आणि त्यांच्यात ही. मला ती म्हणजे देवीच वाटायची, खोटं कशाला बोलू. तिच्यासारखी वेणी, तिच्यासारखं अक्षर, वहीला तिच्यासारखं वर्तमानपत्राचं कव्हर, ती पेपर वाचताना ओठ हलवायची तर मी पण हलवायची. लोक याला हसतात, नक्कल म्हणतात. पण त्या नकलेतूनच मी तिचं ऐकायला लागले, नाहीतर हेच सगळं सर वर्गात सांगत होते आणि आम्ही खिडकीबाहेर बघत होतो. कौतुक हे लहान पोराचं कान उघडायचं साधन आहे, ते नसलं तर जगातली सगळी माहिती फुकट.

आणि तिनं सांगितलं काय? जिद्द, चिकाटी, स्वप्न बघा, यातलं काहीही नाही. आठवीत तिनं सांगितलं की एनएमएमएस नावाची परीक्षा असते, सरांच्या मागं लागून फॉर्म भर, पास झाली तर बारावीपर्यंत पैसे येतात. तेव्हा वर्षाला ६,००० मिळायचे, आता १२,००० मिळतात, आणि आजही माझ्या ओळखीत अशी पोरं आहेत ज्यांना ही परीक्षा होऊन गेल्यावर कळते. दहावीनंतर तिनं सांगितलं की सायन्स घेतलं ना, मग जात पडताळणीची फाईल आत्ताच लाव, बारावीच्या निकालाची वाट पाहू नको. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, बाबाच्या दाखल्यानं भागत नाही, आजोबाचा शाळेचा दाखला शोध, आजोबा शाळेतच गेला नसेल तर तहसीलमधून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढ. माझे आजोबा शाळेत गेलेच नव्हते. ती नक्कल काढायला कोणत्या टेबलावर जायचं, अर्जावर काय लिहायचं, आणि बाबू उद्या या म्हणाला तर उद्या खरंच जायचं, हे सगळं तिनं शिकवलं. महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा फॉर्म नुसता भरून होत नाही, तो कॉलेजच्या लॉगिनला अडकतो, तिथं जाऊन क्लार्कला आठवण द्यावी लागते, आणि आधार बँकेला जोडलेलं नसलं तर मंजूर झालेला पैसा पण येत नाही, हे तिला माहीत होतं कारण तिचा अडकला होता. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीत, पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की सीट आपोआप फ्रीज होते, मग पुढच्या फेरीत बदलता येत नाही, म्हणून पहिल्या नंबरवर उगाच कोणतंही नाव टाकायचं नाही, हे तिच्या मैत्रिणीचं नुकसान झालं तेव्हा तिला कळलं आणि पुढच्या वर्षी बसमधल्या सगळ्यांना कळलं.

याच्यात एकही गोष्ट अशी नाही की जी सरकारनं लपवून ठेवली. सगळं जीआरमध्ये आहे, वेबसाईटवर आहे. म्हणूनच आता लोक म्हणतात की ताई-दादाचं काय काम, सगळं यूट्यूबवर आहे, पोरांच्या हातात मोबाईल आहे. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो, कारण खरंच आहे तो, आम्हाला जे बसमध्ये कळलं ते आज दहा मिनिटात व्हिडिओत कळतं. पण दहा व्हिडिओत दहा गोष्टी असतात, त्यातल्या चार मागच्या वर्षीच्या असतात, तीन कोणत्यातरी क्लासच्या जाहिराती, आणि आपल्याला कोणता लागू पडतो हे कळायला आधीच थोडं कळत असावं लागतं. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची फी शंभर टक्के माफ झाली, टीव्हीवर आलं, पेपरात आलं, सगळीकडे आलं. तरी अमुक कॉलेजला, अमुक कोर्सला, मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर लागू होते का, हे विचारायला आमच्या गावच्या आया कोणाकडे गेल्या? मोबाईलकडे नाही. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या पोरीकडे. आणि अजून एक काम कोणताच व्हिडिओ करत नाही. मला अमरावतीच्या होस्टेलला पाठवायला माझा बाप तयार नव्हता. ही ताई सुट्टीत आली, घरी आली, चहा घेतला, पऱ्हाटीचं काय चाललं, बोंडअळी किती आहे ते विचारलं, आणि मग सांगितलं की काका, गेट साडेसातला बंद होतं, बाहेर जायचं तर रजिस्टरमध्ये लिहावं लागतं, हा घ्या रेक्टर मॅडमचा नंबर, आणि काकूला एकदा माझ्यासंगं पाठवा, स्वतः बघून येतीन. माझी आई जाऊन आली, खोल्या बघितल्या, मेसमधली भाजी खाऊन नाव ठेवलं, आणि मला पाठवलं. कलेक्टरच्या भाषणानं हे झालं असतं का?

तिनं पुढं एमपीएससी केली. मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन परत आली, एकदा नाही. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना मलाही तेच करायचं होतं, ती करते म्हणून. तिनं मला जे सांगितलं ते मी तिच्याच बोलीत लिहिते, "मी करून राहिली तेच तू करशीन असं काई नाई, तुले जे जमते ते पाय." मी डीएमएलटीला गेले. ती आज एका ज्युनिअर कॉलेजला सीएचबीवर शिकवते, तासाचे पैसे, ते पण सहा-सहा महिने थकलेले. बॅनरवाल्यांच्या हिशोबात ती नापास. आमच्या गावातून ज्या पोरी बाहेर शिकायला गेल्या त्यांच्यात बहुतेकींच्या फाईलला कधी ना कधी तिचा हात लागलेला आहे, हे तालुक्यात कोणालाही विचारा. मग आदर्श कोणाला म्हणायचं?

इतिहासातलं एक उदाहरण मला यासाठी फार महत्त्वाचं वाटतं. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा त्यांचाही सत्कार झाला होता, मुंबईत, समाजसुधारक सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. म्हणजे सत्काराची चाल आजची नाही आणि ती वाईटच असते असंही नाही. पण त्या सभेतलं आज आपल्याला काय आठवतं? शिक्षक आणि लेखक असलेल्या कृष्णाजी अर्जुन केळुस्करांनी त्या पोराला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं. केळुस्कर काही त्या दिवशी उगवले नव्हते, त्याआधीपासून ते बागेत वाचत बसणाऱ्या या पोराला ओळखत होते, पुस्तकं देत होते. आणि पुढं शिक्षण अडलं तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत शब्द पोचवून महिन्याला २५ रुपयांची स्कॉलरशिप मिळवून द्यायलाही केळुस्करच होते. सभा एक संध्याकाळ चालली, केळुस्कर कित्येक वर्ष. आपण सभा तेवढी उचलली आणि केळुस्कर सोडून दिले.

आमच्या विदर्भात तर हे काम होस्टेलांनी केलं. पापळ गावात १८९८ साली जन्मलेले पंजाबराव देशमुख विलायतेहून शिकून आले आणि अमरावतीत त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढलं, सगळ्या जातींच्या पोरांना एकत्र. नागपूरच्या चोखामेळा वसतिगृहातून खेड्यापाड्यातल्या दलित पोरांच्या पिढ्या निघाल्या. होस्टेल म्हटलं की आपल्याला छप्पर आणि मेस आठवते, पण तिथं खरं काय होतं? पुढच्या वर्षाचा पोरगा बाजूच्या खाटेवर झोपतो. त्याची जुनी पुस्तकं मिळतात, कोणते सर कसे आहेत ते कळतं, फॉर्मची तारीख कळते, आणि आपल्यासारखाच डाळ-पोळी खाणारा हा पास होतो तर आपण का नाही हे कोणी न सांगता कळतं. आज पंजाबरावांच्याच नावानं वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना आहे, कास्तकाराच्या आणि मजुराच्या पोरांसाठी. योजना आहे, खाट पण मिळते कधीकधी. बाजूच्या खाटेवरचा पोरगा मात्र कोणत्याच योजनेत लिहिलेला नसतो, तो असला तर असला.

इथं मला माझ्याच बाजूच्या लोकांना एक धोका सांगायचा आहे, कारण मोठ्या पोरांनी लहान पोरांना शिकवणं ही आयडिया याआधी एकदा वापरून खराब झालेली आहे. अँड्र्यू बेल नावाचा पाद्री मद्रासला पोरक्या मुलांच्या शाळेचा सुपरिटेंडंट होता. त्यानं तिथल्या देशी शाळेत पोरं वाळूत अक्षरं गिरवताना बघितली आणि आपल्या शाळेत मोठ्या पोरांना लहान पोरांवर नेमलं. इंग्लंडला परत गेल्यावर १७९७ साली त्यानं त्याचा अहवाल छापला. तिकडं बेलनं आणि जोसेफ लँकेस्टरनं ही पद्धत एवढी पसरवली की एक मास्तर शेकडो पोरांना सांभाळतो असं अभिमानानं सांगायला लागले. आपल्या गावशाळेतली साधी गोष्ट होती ती. तिकडं जाऊन ती गरिबांच्या पोरांना स्वस्तात आटपायचं मशीन झाली, पोरं घोकायला शिकली, समजायला नाही, आणि पन्नासेक वर्षात ती मागं पडली. मग आपण दुसरं काय करून राहिलो? २००० साली शिक्षण सेवक आणले, पूर्ण मास्तराचं काम, अर्ध्याहून कमी पैसे. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली, बारावीवाल्याला ६,०००, आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८,०००, पदवीवाल्याला १०,००० महिना, आणि त्यातली कितीतरी पोरं जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये टाकली. ज्या शाळेत कायद्यानं साठ पोरांपर्यंत दोन मास्तर असतात आणि चार-पाच वर्ग त्या दोघांनीच ओढायचे असतात, तिथं एक शिकलेला पोरगा आला तर कोणाला नको? पण तो मास्तराच्या रिकाम्या जागेवर बसवला की संपलं. तो ताई-दादाही राहत नाही आणि मास्तरही होत नाही, आणि काही महिन्यांनी घरी. म्हणून माझी पहिली अट हीच, की शिकवायचं काम मास्तरानंच करावं, रिकाम्या जागा भराव्या, आणि ताई-दादाला मास्तराच्या बदल्यात कोणी मोजू नये.

दुसरा आक्षेप जास्त बोचणारा आहे. सीनियर म्हणजे सगळे चांगलेच असतात का? नसतात. चुकीचा सल्ला देऊन पोराचं वर्ष घालवणारे असतात. दादाची दादागिरी होते, होस्टेलात तर एवढी झाली की १९९९ मध्ये महाराष्ट्राला रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला. कोणी लहान पोरांना आपल्या नेत्याच्या मोर्चाला नेतो, कोणी आपल्या जातीपुरताच दादा असतो, दुसऱ्या मोहल्ल्यातल्या पोराला फॉर्मची तारीख पण सांगत नाही. आणि पोरींचं तर विचारूच नका, मारुतीच्या पारावर बसलेल्या दादाकडे कोणती पोरगी शंका विचारायला जाणार आहे, गेली तर दुसऱ्या दिवशी गावभर. हे सगळं खरं आहे. पण हे सगळं आजच चालू आहे ना? ते चालू आहे कारण हे काम कोणाच्या वहीत नाही, ज्याला वाटलं तो करतो, जसं वाटलं तसं करतो. आपण मराठी लोक पटकन कोणालाही देव करतो आणि देवाला हिशोब मागत नाही. ज्याला गावानं मानधन दिलं त्याला गाव विचारू शकतं की बाबा, दलित वस्तीतल्या पोरांचे फॉर्म किती भरले?

एकलव्याची गोष्ट आपण मोठ्या कौतुकानं सांगतो, मातीच्या पुतळ्यासमोर बसून शिकला म्हणून. बॅनरवाल्यांचं पण तेच म्हणणं आहे, फोटो लावा, पोरं आपोआप शिकतील. पण त्या गोष्टीत शेवटी गुरूनं अंगठा मागितला हे सोडून कसं चालेल? ज्यानं एक दिवस शिकवलं नाही त्यानं मागितला. यवतमाळात राजू केंद्रे यांनी सुरू केलेल्या संस्थेनं एकलव्य हेच नाव घेतलं आणि काम बरोबर उलटं केलं. पहिल्यांदाच कॉलेज बघणाऱ्या पोरांना आधी तिथून गेलेली पोरंच मोठ्या विद्यापीठांच्या प्रवेशापर्यंत हात धरून नेतात. पुण्याच्या बी. जे. मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट पण तसंच, मेळघाट-गडचिरोलीकडच्या आदिवासी पोरांकडून डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करून घेणारे हे स्वतः काल-परवा ती परीक्षा देऊन आलेले. मोठ्या तज्ज्ञापेक्षा त्यांना एक गोष्ट जास्त येते, पोरगं नेमकं कुठं अडतं ते, कारण ते तिथंच अडले होते. ज्याला डॉक्टर होऊन वीस वर्ष झाली त्याला आठवत पण नाही की बारावीत फिजिक्सचं मराठीतून इंग्रजीत जाताना काय हाल होतात.

मग गावात काय करायचं, तर लय काही नाही. बहुतेक मोठ्या गावात आता अभ्यासिकेची खोली आहे, नाहीतर वाचनालयाची, नाहीतर समाजमंदिर रिकामं पडलेलं. तिथं दोन जणं ठेवायचे, त्यातली एक पोरगी पाहिजेच, आणि पोरींची वेळ दुपारी चार ते सहा ठेवायची, रात्रीची अभ्यासिका ही फक्त पोरांची अभ्यासिका असते हे गावानं एकदा मान्य करावं. त्यांचं काम शिकवणी घेणं नाही. आठवी ते पदवीपर्यंत गावातलं कोण कुठं शिकतं त्याचं रजिस्टर, कोणता फॉर्म कधी, कोणाचं कोणतं कागदपत्र बाकी, शाळा सुटलेल्या पोरीच्या घरी जाऊन बसणं, एवढंच. वर्षभराचं मानधन द्यायचं, आणि दोन वर्षांनी माणूस बदलायचा. लोक विचारतात ती ताई लग्न होऊन गेली तर? जाऊ द्या ना, जायलाच पाहिजे, तिच्याकडून शिकलेली पोरगी तोपर्यंत बारावीत पोचलेली असते, आणि तिला कोतवाल बुकाची नक्कल कोणत्या टेबलावर मिळते ते आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

आणि या दोघांची निवड करताना पास झालेल्याच पाहिजेत असा हट्ट धरू नका. मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन परत आलेला, आयटीआय करून दोन वर्ष पुण्याच्या कंपनीत काम करून आलेला, नर्सिंग करून नोकरी शोधणारी, यांच्याकडे जे आहे ते निवड झालेल्या साहेबाकडे नाही. साहेबांना बोलवा, जरूर बोलवा, पण हार घालायच्या आधी त्यांना तासभर या खोलीत बसवा आणि पोरांना विचारू द्या की तुमचा खर्च कोणी केला, घरचं वावर किती, कितव्या वेळी लागले, आणि नसते लागले तर काय करणार होते. मला असे दोन-तीन अधिकारी माहीत आहेत ज्यांना हे हारापेक्षा जास्त आवडेल.

आता पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय निघाला तर पहिला प्रश्न मला माहीत आहे, मागच्या वर्षी पण तोच आला होता, "जो लागलाच नाई त्याले गावानं काहून पैसे द्याव?" हा प्रश्न विचारणाऱ्या काकांचा नातू मागच्या वर्षी त्याच ताईकडे नॉन-क्रिमीलेअरचे कागद घेऊन गेला होता, ते असो. दुसरा प्रश्न येतो पैशाचा, की ग्रामपंचायतीकडे कुठं आहेत. त्याच्यासाठी मागच्या निकालाच्या वेळी डीजेचं भाडं, बॅनर आणि फटाके यांची वर्गणी किती जमली होती तो आकडा सरपंचांनी त्या दिवशी सभेत वाचून दाखवावा, मग मानधनाचं बोलू.